मशीनमधले रविवार

३ मार्च, सोमवार

"हिला एकटीला सोडलं, की ही अर्ध्या वाटेतून परत येते."

ताई आईला असं म्हणाली होती, तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई पंधराची. मी शाळेला निघायचे, कोपऱ्यावरच्या कुत्र्यापर्यंत पोचायचे आणि पोटात दुखतंय म्हणून घरी यायचे. त्यानंतर ताई रोज मला माझ्या शाळेच्या फाटकापर्यंत सोडू लागली. कुत्रा म्हातारा होऊन मेला, पण वाक्य घरात राहून गेलं. पोहणं अर्धवट सोडलं तेव्हा ते निघालं, कॉलेज सोडलं तेव्हा निघालं, आणि लग्न तीन वर्षांत आटोपून मी परत आले तेव्हा कोणी काही बोललं नाही, पण मला ऐकू आलं.

आज दवाखान्यात तेच ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, टाइप टू. साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, नऊ पूर्णांक एक. "घाबरायचं कारण नाही, पण आयुष्यभर सांभाळायचं आहे." आयुष्यभर! जिला तीन वर्षांपुढे संसार सांभाळता आला नाही तिला.

नर्सबाईंनी साखर मोजायचं मशीन दिलं आणि सांगितलं, एक वही ठेवा आणि आकडे लिहीत जा. घरापुढच्या माझ्या शिवणाच्या दुकानात मापांची एक कोरी वही होती, ती घेतली. आकडा अजून एकही लिहिलेला नाही.

९ मार्च, रविवार

ताई आली. दर रविवारी चारला येते. घड्याळ लावून घ्यावं अशी येते. शाळेची मुख्याध्यापिका होऊन शाळेमागेच राहायला गेल्यापासून तर दारावरची टकटकसुद्धा तीनच, सारख्या अंतराची.

सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण मशीन शिवणाच्या टेबलावर, बटणांच्या डब्याशेजारी तसंच पडलेलं.

"हे काय?"

सांगितलं. वाटलं, आता वाक्य येणार. पण ती खुर्ची ओढून बसली. "दाखव बघू कसं करतात." मी हात धुतले, टोचायच्या पेनात नवी सुई घातली, मशीनला पट्टी लावली, बोटाला टोचलं. तिचे प्रश्न संपेनात. थेंब केवढा लागतो? कुठल्या बोटाचा? आकडा यायला किती वेळ? सुई दर वेळी बदलायची का? अगदी शाळा तपासायला आल्यासारखी. आकडा एकशे शहाऐंशी.

"जास्त आहे का?" तिने विचारलं.

"जेवून झाल्यावर एवढा नको, असं म्हणतात."

"म्हणजे दोनशेच्या वर तर फारच?"

"ताई, माझे अजून दोनशे झाले नाहीत," मी म्हटलं. हिला काय, घाईच झाली आहे.

जाताना करडा स्कर्ट देऊन गेली, कमरेत घ्यायला. छत्तीसवरून साडेचौतीस. माझे स्वतःचे सगळे कपडे गेल्या वर्षभरात मी सैल करत आले आणि हिचे आत घेते आहे. दोन बिस्किटं खाऊन बारीक होणाऱ्या बायका असतात. त्यांच्यावर माझा फार राग नाही. थोडा आहे.

१३ मार्च, गुरुवार

नर्सबाई म्हणाल्या होत्या, दवाखान्याच्या तळघरात दर गुरुवारी साडेसहाला एक मंडळ भरतं, या. नाइलाजाने गेले. जुने वजनकाटे, मोडक्या चाकाची खाट, गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. चौदा माणसं. मला वाटलं होतं रडारड असेल. आत पाय टाकला तर हसण्याचा गडगडाट.

एक गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत, सगळ्यांचे आलेख काढतात. त्यांना 'सरासरी सर' म्हणतात. एक पार्लरवाली आहे, अठ्ठावीस वर्षांची, केस जांभळे. मला बघताच म्हणाली, "या मावशी, इथे बसा. इथे सगळेच गोड आहेत."

इथली पद्धत विचित्र आहे. प्रत्येकाला एक जोडीदार. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी जोडीदारांनी मशीनची अदलाबदल करायची आणि दुसऱ्याच्या मशीनमध्ये साठलेले आकडे तारीखवार मोठ्याने वाचायचे. चांगला, वाईट, अरेरे, वा वा, काही म्हणायचं नाही. आकडा वेगळा वाटला तर एवढंच विचारायचं, "त्या दिवशी काय झालं?" आपले मागचे आकडे आपण बघत बसायचं नाही. मागचं बघायचं काम जोडीदाराचं.

माझा जोडीदार शाळेच्या बसचा ड्रायव्हर. वय साठीकडे, मिशा पांढऱ्या, आवाज असा की त्यांना सगळे 'हॉर्न' म्हणतात. नऊ वर्षं मधुमेह आहे. आधीचा जोडीदार बदली होऊन गेला म्हणून वर्षभर एकटेच होते.

"टेलरबाई, सकाळी सहाला चालायचं," ते म्हणाले, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पाहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

चालण्याची गंमत लिहून ठेवते. त्यांची बस शाळेच्या आवारात असते, तिथून ते निघतात. मी माझ्या दुकानातून. शाळा ते दुकान चोवीस मिनिटं. मधोमध, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानासमोर, एक बाक आहे. तिथे भेटायचं, दोन मिनिटं टेकायचं, उपाशीपोटीचा आकडा एकमेकांना सांगायचा आणि आपापल्या दिशेने परत. साडेसहाला त्यांना बस सुरू करायची असते.

फोन करून उठवायचं नाही, हा नर्सबाईंचा नियम. "फोनवर खोटं बोलता येतं. बाकावर नाही."

परत येताना लक्षात आलं आणि रस्त्यात एकटीच हसले. म्हणजे अर्ध्या वाटेतून परत यायचं, हाच इथला नियम आहे! आयुष्यात पहिल्यांदा मी नियमात बसते.

१६ मार्च, रविवार

ताईने चहा बिनसाखरेचा मागितला. "तुझ्यासोबत," म्हणाली. बिस्किटाला हातही लावला नाही. मला असली सोबत आवडत नाही. उपासाला बसलेल्या माणसाशेजारी मुद्दाम उपाशी बसल्यासारखी.

"चहा नीट उकळू दे," असं दोनदा सांगितलं. तिला कधीपासून उकळलेला चहा आवडायला लागला? मी बाहेर आले तर ती खिडकीत पाठमोरी, हाताची मूठ मिटलेली.

"काय बघतेस?"

"काही नाही. तुझा रस्ता."

माझ्या रस्त्यावर एक गिरणी आणि दोन गटारं आहेत.

२० मार्च, गुरुवार

सात दिवस सलग बाक गाठला. सात! आज सकाळचा आकडा एकशे बेचाळीस.

हॉर्न त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेबद्दल बोलत होते. "आमच्या मोठ्या बाई म्हणजे काय सांगू. बसच्या काचेवर बोट फिरवून धूळ बघतात. पण हल्ली थकलेल्या वाटतात हो. जिन्यात मध्येच थांबतात. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही. माझं असंच सुरू झालं होतं."

"त्या म्हणजे माझी ताई," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा! बाकावरून उठून उभेच राहिले, जणू ताई माझ्या पिशवीतून बाहेर येणार. "मी धुळीचं काही बोललो नाही, बरं का."

"आणि थकायचं म्हणाल तर परीक्षा जवळ आल्यात. दर वर्षी अशीच होते ती," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पटल्यासारखी नाही हलवली, पण हलवली.

२७ मार्च, गुरुवार

आज मशीन वाचायचा दिवस. धाकधूक होती, पण आतून मला मिरवायचंही होतं.

हॉर्ननी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. "चौदा तारीख, एकशे चौसष्ट. पंधरा, एकशे अठ्ठावन्न. सोळा तारीख सकाळी, एकशे एक्कावन्न. सोळा तारीख, दुपारी चार वाजून बारा मिनिटं..." ते थांबले. "दोनशे अडुसष्ट."

पुढे तेवीस तारीख. सकाळी एकशे अडतीस. चार वाजून नऊ मिनिटं, दोनशे ब्याण्णव.

दोन्ही रविवार.

"त्या दिवशी काय झालं?" हॉर्ननी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू बोलले असतील.

"मी दुपारी तपासतच नाही," मी म्हटलं. "आणि रविवारी चारला माझी बहीण समोर बसलेली असते. तिच्यासमोर मी काय गोड खाणार? तिच्यासमोर मी जोरात शिंकतसुद्धा नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. तेच सहन होईना. पार्लरवालीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मावशी, आम्ही सगळे यातून गेलोय. मी कंडिशनरच्या बाटलीमागे चॉकलेट ठेवायची. गिऱ्हाइकाचं डोकं धुताना खायची."

नर्सबाई म्हणाल्या, मशीन तपासून बघते, चार दिवस राहू दे माझ्याकडे. मी मशीन त्यांच्या हातात ठेवलं आणि नीट निरोपही न घेता निघाले.

मी खोटं बोलले नाही. पण खोटं बोलणारी बाई नेमकी माझ्यासारखीच दिसली असती.

२८ मार्च, शुक्रवार

गेले नाही.

३० मार्च, रविवार

ताईला विचारलं, "मी चार वाजता नकळत काही खाते का गं?" आणि मंडळात झालेलं सगळं सांगितलं.

ती कधी नव्हे ते अडखळली. "नाही. तू काही खात नाहीस." मग म्हणाली, "मशीन बिघडलं असेल." आणि जरा वेळाने, "टाकून देऊ नकोस पण."

मग तिने विषय बदलला. "आमच्या त्या ड्रायव्हरची कमाल. बावीस वर्षांत पहिल्यांदा बस वीस मिनिटं उशिरा आली. परवा, शुक्रवारी. पालकांचे फोन, नुसता गोंधळ. कारण विचारलं तर म्हणतो, बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, बाकावर? शाळेची बस सोडून? तर म्हणतो, हो बाई, एक माणूस यायचं होतं. मी चांगलं झापलं."

मी कप खाली ठेवला. मी तिला बाकाचं सांगितलं. मीच ते यायचं राहिलेलं माणूस.

मला वाटलं, आता तरी ते वाक्य येईल.

"इतकं थांबतं का कुणी?" ती म्हणाली.

"तू थांबायचीस की. माझ्या शाळेची घंटा होईपर्यंत फाटकाशी."

"ते वेगळं," ताई म्हणाली. मग तिने पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायली.

३१ मार्च, सोमवार

पावणेसहालाच बाकावर जाऊन बसले. हॉर्न आले, माझ्याकडे पाहिलं, टेकले.

"एकशे एकोणचाळीस," ते म्हणाले. शुक्रवारचं काही नाही.

"माझं मशीन नर्सबाईंकडे आहे. आज आकडा नाही."

"नसू दे. माणूस आहे ना."

मी म्हटलं, "माझ्यामुळे बोलणी खाल्लीत."

"मोठ्या बाईंची बोलणी म्हणजे आम्हाला टॉनिक," म्हणाले, आणि असे हसले की चपलांच्या दुकानाचं शटर थरथरलं.

नर्सबाईंचा निरोप: मशीन ठणठणीत आहे.

६ एप्रिल, रविवार

मंडळाने ठराव केला आहे. दर रविवारी चार वाजता माझ्यावर पहारा. आज पहिला दिवस, पहारेकरीण पार्लरवाली.

आल्या आल्या तिने माझी कपाटं उघडली, डबे हुंगले, बटणांच्या डब्यातसुद्धा हात घालून पाहिला. मग ताई आली. तीन टकटक. जांभळे केस पाहून तिच्या भुवया जिथे गेल्या तिथून बराच वेळ खाली आल्या नाहीत.

"या कोण?"

"मी मावशींच्या साखरेवर लक्ष ठेवायला आलेय," पार्लरवाली म्हणाली. "तुमच्या केसांचा पोत छान आहे हो. पण गळतायत. कधीपासून?"

ताईच्या केसांबद्दल तिच्या तोंडावर बोलणारं माणूस मी आज पाहिलं. गंमत म्हणजे ताईने उत्तर दिलं. "सहा महिने झाले असतील."

दोघींनी मंडळाबद्दल तासभर गप्पा मारल्या. ताई विचारत होती आणि पार्लरवाली सांगत होती: कोण येतं, नावं बाहेर जातात का, ओळखीचं कोणी भेटलं तर काय करतात. ताईला एवढी चौकशी कशाला? उद्या शिक्षकांच्या खोलीत किस्से सांगायला असेल.

जाताना ताई म्हणाली, "त्या मुलीचं तोंड तेलाच्या घाण्यासारखं सारखं फिरत असतं. पुढच्या रविवारी पण येणार का ती?" तिचा आवाज जरा पडलेला वाटला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज वाचन. पहाऱ्याचे तिन्ही रविवार स्वच्छ! चार वाजता एकही आकडा नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत हा नियम मोडून टाळ्या वाजल्या. पार्लरवालीने स्वतःलाच नमस्कार करून घेतला.

म्हणजे मी खरंच खात होते की काय? झोपेत चालणारी माणसं असतात, तशी मी जागेपणी खाणारी असेन. कबूल करून टाकलं. "असेल, खाल्लं असेल," मी म्हटलं. सगळे खूश झाले. मलाही फार वाईट वाटलं नाही. आपल्याला माफ करायला चौदा माणसं बसली आहेत म्हटल्यावर, न केलेला गुन्हासुद्धा हलका वाटतो.

पार्लरला रविवारीच गर्दी असते, म्हणून पहारा आता बंद. "तुम्हाला जमतंय मावशी."

१८ मे, रविवार

माझी निळी पँट कमरेत दीड इंच आत घेतली. स्वतःच्या कपड्याला आत घ्यायची खूण करताना खडू हातात कसा नाचला! गिऱ्हाईक समोर होतं, नाहीतर मीही नाचले असते.

ताईचा तपकिरी स्कर्टही घेतला. तिचं माप आता साडेतेहेतीस. तिथेही ती माझ्या पुढेच! चष्म्याचा नंबर पुन्हा बदलला म्हणाली, वर्षात तिसऱ्यांदा.

पट्ट्यांची डबी लवकर संपते आहे. माझ्या हिशेबाने चार दिवसांच्या शिल्लक हव्यात. सुयाही कमी. बटणं मोजण्यात मी कधी चुकत नाही, मग इथे कशी चुकते?

२९ मे, गुरुवार

पुन्हा तेच.

हॉर्न वाचायला लागले. सत्तावीस एप्रिल, चार वाजून अकरा, तीनशे एक. चार मे, तीनशे अठरा. अकरा मे, तीनशे पाच. अठरा मे, तीनशे एकतीस. पंचवीस मे, तीनशे सेहेचाळीस. बाकी सगळे दिवस एकशे वीसच्या आसपास, शिस्तीत उभ्या मुलांसारखे.

"त्या दिवशी काय झालं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

या वेळी मी उठून गेले नाही. बसून राहिले. सगळ्यांचा निरोप घेतला, खुर्च्यासुद्धा उचलायला लागले. हे इथे लिहून ठेवते, कारण पोहणं सोडलं तेव्हा मी खुर्च्या उचलल्या नव्हत्या.

नर्सबाईंनी तीन महिन्यांच्या सरासरीसाठी रक्त घेतलं.

१ जून, रविवार

ताईला आकडे सांगितले. सगळे, एकेक करून. शेवटचा सांगितला तेव्हा तिने डोळे मिटले.

"आणि ते लोक समजतात तू खातेस?"

"समजू देत. चांगली माणसं आहेत."

"त्यांना सांग, माझी बहीण खोटं बोलत नाही. हवं तर मी तसं लिहून देते."

मला हसू आलं. मोठ्या बाईंचं प्रमाणपत्र! वागणूक चांगली. पण ती हसत नव्हती. आज चहा उकळू दे असंही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी, आणि शेवटी म्हणाली, "तो काळा स्कर्ट पण जरा घे."

लंगडत होती. टाचेला पट्टी. नवा बूट चावला म्हणे. तीन आठवडे झाले.

५ जून, गुरुवार

सहा पूर्णांक आठ! नऊ पूर्णांक एकवरून सहा पूर्णांक आठ!

नर्सबाईंनी कागद दाखवला आणि मी तळघरात, मोडक्या खाटेवर बसून रडले. मग हसले. पार्लरवालीने मला गोल फिरवलं. हॉर्न ओरडले, "आमची टेलरबाई!" आणि वरचं दार पुन्हा उघडलं.

गलका थांबल्यावर सरासरी सर पुढे आले. हातात माझा आलेख. रोजचे ठिपके निळे, हळूहळू खाली उतरणारे. रविवारचे सात ठिपके लाल, वर, आणखी वर जाणारे.

"बाई, आठवड्यातल्या एका दिवसाने सरासरी फारशी हलत नाही, हे खरं. पण मी वेगळंच बघतोय. तुम्ही सुधारता आहात आणि हे ठिपके बिघडतायत. चाळीस वर्षं मी मुलांच्या कॉप्या पकडल्या. ही कॉपी नाही." त्यांनी लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हा दुसऱ्याच मुलाचा पेपर आहे. चुकून तुमच्या गठ्ठ्यात आलाय."

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, सर, तुमच्या सत्काराला असंच भाषण करा.

५ जून, दुसऱ्यांदा

घरी येऊन दिवा लावला. टेबलावर ताईचा काळा स्कर्ट. मापांची वही उघडली, खडू घेतला. छत्तीस. साडेचौतीस. साडेतेहेतीस. आता साडेबत्तीस.

खडू खाली ठेवला.

चहा नीट उकळू दे. मिटलेली मूठ. दोन ग्लास पाणी. जिन्यात थांबतात. चष्मा. केस. टाच. पहाऱ्याच्या रविवारी एकही आकडा नाही, कारण पहारा माझ्यावर नव्हताच, टेबलावर होता.

तीन महिने मी तिच्या कमरेभोवती टेप धरला आणि हेवा केला.

६ जून, शुक्रवार

बाकावर हॉर्नना सगळं सांगावंसं वाटलं. पण ते तिचं आहे. एवढंच विचारलं, "आपल्या चालण्यात आणखी एक माणूस आलं तर? ओळखीचं. म्हणजे तुमच्या बाजूने निघणारं."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. कोण, असं विचारलंच नाही.

"मी दहा पावलं मागून चालेन," ते म्हणाले. "त्यांना बोलायचं असेल तर बोलतील. बस पुसून ठेवतो आजपासून."

मग नर्सबाईंकडे गेले. नाव न घेता विचारलं. त्यांनीही नाव विचारलं नाही, पण चेहरा गंभीर झाला. हे आकडे असे ठेवून चालणार नाही, जखम असेल तर मुळीच नाही, सोमवारीच आणा. आणि टोचायचं पेन एकाचं दुसऱ्याने कधीच वापरायचं नसतं. नवं मशीन, नवं पेन घेतलं. माझं जुनं पेनही बदललं.

ताईचा राग येईल असं वाटलं होतं. तिच्यामुळे मी चोर ठरले. पण रात्रभर मला दिसत होतं ते एवढंच: शाळाभर जिचा दरारा, ती बाई माझ्या खिडकीत उभी राहून आपलं बोट दाबून धरते आहे, चहा उकळेपर्यंत. तिला एकटीला सोडलं की ती अर्ध्या वाटेतून परत येत नाही. ती निघतच नाही.

आणि तिने यासाठी जागा निवडली ती माझ्या टेबलाची.

७ जून, शनिवार

काळा स्कर्ट झाला. कमरेत घेतलेलं कापड कापलं नाही, आत तसंच दुमडून ठेवलं. ती बरी होईल तेव्हा पुन्हा सोडावं लागेल.

उद्या चारला येईल. तोंडावर बोलले तर ती मुख्याध्यापिका होईल आणि मी सात वर्षांची. म्हणून चिठ्ठी. स्कर्टच्या खिशात ठेवणार, मशीनची पेटी पिशवीच्या तळाशी. घरी जाऊन वाचेल. चार कागद फाडले. पहिल्यात मी रागावले होते, दुसऱ्यात रडले, तिसऱ्यात नर्सबाईंसारखी बोलले. चौथ्यात 'तुझ्या भल्यासाठी' असे शब्द आले, तो तर लगेच फाडला. ताईला भलं केलेलं आवडत नाही. कुणाला तरी सोडायला जायचं असेल, तरच ती घराबाहेर पडते.

पाचवा कागद इथे उतरवून ठेवते.

"ताई, रविवारचे आकडे मला कळले. मंडळात मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिथे अजूनही मीच चोर आहे, आणि बरी आहे.

पिशवीत खाली एक पेटी आहे, ती तुझी. टाच नर्सबाईंना दाखवायची आहे, सोमवारीच. दुकान बंद ठेवून मी बरोबर येते.

आता माझं काम. तीन महिने मी रोज बाकापर्यंत जाते. पण मी कशी आहे ते तुला माहीत आहे, तूच आईला सांगितलं होतंस. मला कुणीतरी सोडायला लागतं. तू नाहीच म्हणणार. शाळा, वेळ, लोक काय म्हणतील, ड्रायव्हर बघेल, सगळी उत्तरं तुझ्याकडे तयार असतील, आणि टाच हे तर खरंच कारण आहे. म्हणून नर्सबाई हो म्हणतील त्या दिवसाचं आत्ताच विचारून ठेवते. सकाळी सहाला तू तुझ्या दारातून निघ, मी माझ्या दारातून निघते. फक्त बाकापर्यंत. मला सोडायला येशील?"